डोळे काढल्यानंतरही थिओडोर पुन्हा सत्तेवर कसा आला?

अंबाजोगाईकर:
देवगिरीवर सिंघण यादव राज्य करत होता आणि आमच्या अंबाजोगाईच्या शिलालेखांत ज्याचे नाव येते तो खोलेश्वर त्याचा सेनापती होता, त्याच काळात वायव्य ग्रीसमधील एपिरसवर थिओडोर कोम्निनोस डूकास याचा अंमल होता. १२३० मध्ये क्लोकोत्नित्साच्या लढाईत बल्गेरियाचा राजा दुसरा इव्हान आसेन याने त्याला कैद केले व पुढे त्याचे डोळे काढले. तरीही १२३७ नंतर, त्याने पूर्वी जिंकलेल्या थेसालोनिकी शहराचा कारभार त्याच्याच हाती दिसतो. हे कसे घडले, जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ:
यामागे एक सोयरीक आहे. आसेनची राणी वारल्यावर त्याने कैदेतील थिओडोरच्याच मुलीशी, आयरीनशी, लग्न केले आणि सासऱ्याला मोकळे केले. मधल्या काळात थेसालोनिकी थिओडोरचा भाऊ मॅन्युएल सांभाळत होता. थिओडोर वेषांतर करून शहरात शिरला, जुने निष्ठावंत हाताशी धरले आणि भावाला बाहेर काढले. आंधळ्याने सम्राटपदी बसू नये, असा बायझंटाईन (पूर्व रोमन) संकेत असल्यामुळे त्याने मुलगा जॉन याला गादीवर बसवले आणि कारभार स्वतः पाहिला. डोळे काढण्याची शिक्षा मुळात प्रतिस्पर्ध्याला राज्यपदासाठी अपात्र ठरवण्यासाठीच दिली जाई. येथे ती अर्धीच लागू पडली, असे म्हणावे लागते.

बालाघाट:
वरील उत्तर योग्य आहे, परंतु थिओडोरला केवळ एपिरसचा प्रादेशिक सत्ताधीश समजणे मला पटत नाही. १२०४ मध्ये धर्मयोद्ध्यांनी बायझंटाईन राजधानी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर ग्रीकांची जी राज्ये उभी राहिली, त्यांत आशिया मायनरमधील निकेयाच्या राज्याच्या तोडीचा, साम्राज्याच्या गादीचा दावेदार हाच होता. १२१७ मध्ये त्याने लॅटिन सम्राट (म्हणजे धर्मयोद्ध्यांच्या कॉन्स्टँटिनोपलमधील राज्याचा सम्राट) पीटर याला पकडले, १२२४ च्या अखेरीस थेसालोनिकी घेतली आणि पुढे ओह्रिडचा आर्चबिशप खोमातेनोस याच्या हस्ते सम्राट म्हणून अभिषेक करवून घेतला. कॉन्स्टँटिनोपल आवाक्यात आले असताना आसेनशी केलेला तह मोडून तो बल्गेरियावर चालून गेला, ही त्याची खरी घोडचूक. आसेनने तोच तहनामा निशाणावर लावून लढाई केली, असे समकालीन इतिहासकार अक्रोपोलितेस सांगतो.

अंबाजोगाईकर:
आभारी आहे. त्याची अखेर कशी झाली?

गोदाकाठ:
१२४२ मध्ये निकेयाचा सम्राट वाताट्झेस याने जॉनला सम्राटपद सोडायला लावले आणि १२४६ मध्ये थेसालोनिकीच घेतली. म्हातारा तरी स्वस्थ बसला नाही. एपिरसचा राजा असलेल्या पुतण्याला, दुसऱ्या मिखाईलला, त्याने निकेयाविरुद्ध चिथावले. ते युद्ध अंगाशी आल्यावर पुतण्याने तहाच्या अटीनुसार काकालाच वाताट्झेसच्या स्वाधीन केले, आणि थिओडोर त्याच्या कैदेतच मरण पावला.