२५१५ चं कमिन्स बांधलं, पण एक्झॉस्टला टॅपेट गॅपच निघेना

ऊसवाला_कराड:

गाडी टाटा २५१५, दहा चाकी. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्हचं इंजिन. ऑइल खायला लागली, घाटात गरम व्हायला लागली, म्हणून इंजिन बांधायला काढलं. स्लीव्ह टाकून बोअर केले, पिस्टन-रिंगा आणि बेअरिंगं नवी. दोन सिलिंडरच्या मधे हेड पॅकिंग जळलेलं होतं, त्यामुळं हेडला फेसिंग मारलं (तोंड घासून सपाट केलं), ब्लॉकचंही वरचं तोंड हलकं मारून घेतलं. व्हॉल्व्ह आणि गाइड नवे टाकले, सीट कटिंग लेथवाल्याकडंच.

हेड बसवून टॅपेट मारायला, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हमधला गॅप स्क्रूने लावायला घेतले. थंड इंजिनाला इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५० मिमी धरलंय. इनटेक सगळे मिळाले. एक्झॉस्टला मात्र तीन नंबरचा गॅपच निघेना. स्क्रू वर घेत घेत गेलो तर त्याची गोळी रॉकरला खालून टेकली, पुढं जागाच नाही, आणि फिलर (गॅप मोजायची पट्टी) अजून शिरत नाही. पाच नंबरला स्क्रू अगदी टोकाला नेला तेव्हा कुठं ०.५० ची पट्टी घट्ट-घट्ट आत गेली. इंजिन हाताने फिरवलं तर तीनला दाबच लागत नाही, हवा एक्झॉस्टच्या तोंडातनं फुस्स निघून जाते.

मिस्त्री म्हणतात पुशरॉड (खालून रॉकरला ढकलणाऱ्या सळ्या) लांब पडतायत, दोन्ही ग्राइंडरवर जरा घासू. मला पटेना. गाळप हंगाम तोंडावर आलाय, गाडी बसून परवडणार नाही. कुणी असलं बघितलंय का?

खंबाटकी_एक्सप्रेस:

आधी टायमिंग बघा. एकचा पिस्टन वर आला की सहाचाही वरच असतो, त्यात गल्लत होते. फायरिंग १-५-३-६-२-४. एक नंबर कॉम्प्रेशनला आणून इनटेकचे १, २, ४ आणि एक्झॉस्टचे १, ३, ५ मारायचे. मग क्रँक एक पूर्ण फेरी फिरवून इनटेकचे ३, ५, ६ आणि एक्झॉस्टचे २, ४, ६. तुमचे तीन आणि पाच दोन्ही पहिल्याच फेरीतले आहेत म्हणून शंका येते. सहावर उभं राहून मारलं तर पाचचा एक्झॉस्ट उघडा असतो, मग गॅप कुठनं येणार?

ऊसवाला_कराड:

टायमिंग पिन कॅम गिअरच्या भोकात बसवूनच मारलेत, दादा. आणि एकचे दोन्ही टॅपेट त्याच जागेवर नीट मिळाले. सहावर असतो तर एकचेच आधी अडकले असते.

पंपवाला_नगर:

जाड पॅकिंग टाका, विषय संपला. ०.२५ आणि ०.५० जास्त जाडीची मिळतात. हेड तेवढं वर उचललं जाईल, गॅप आपोआप येईल.

रिटायर्ड_फिटर:

मी एसटीच्या कार्यशाळेत इंजिन सेक्शनला होतो, ही इंजिनं भरपूर उघडलीत. आधी सांगतो काय करू नका: पुशरॉड घासू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पाणी दिलेलं असतं. वरची कडक साल गेली की महिन्याभरात टॅपेटची (कॅमवर बसून पुशरॉड उचलणाऱ्या भागाची) वाटी आणि स्क्रूची गोळी एकमेकांना खातात आणि तो चुरा ऑइलमधून तुमच्या नव्या बेअरिंगांवर जातो.

जाड पॅकिंगचं म्हणाल तर ते पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ठरवायचं असतं. टॅपेट मिळत नाहीत म्हणून टाकलं तर सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाडून दोघांचा रोग झाकला, एवढंच होईल. सकाळी थंडीत सेल्फ मारत बसाल आणि मागून पांढरा धूर.

आता नीट बघा. हेड-ब्लॉकची फेसिंग जास्त झाली असती तर बाराही स्क्रू सारखेच वर सरकले असते. फेसिंग काही इनटेकला सोडून एक्झॉस्टला धरत नाही. म्हणजे फेसिंगने थोडी जागा खाल्ली असेलही, पण मूळ दुखणं वेगळं आहे. आणि तीन-पाच हे एकच दुखणं आहे असंही धरून चालू नका. तीनला स्क्रू संपूनही व्हॉल्व्ह उघडा राहतोय, पाचला जेमतेम का होईना मिळतोय. मला हे दोन वेगळे वाटतात.

तीनपासून सुरू करा. रॉकरचं पेडेस्टल (रॉकर ज्यावर बसतो तो ठोकळा) काढा. त्यातनं हेडचा लांब बोल्ट जातो हे ध्यानात ठेवा, नुसता ८ मिमीचा छोटा बोल्ट काढून ते सुटत नाही. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवत हलकेच वर ओढा. टॅपेटच्या वाटीत नीट बसलेला पुशरॉड ऑइलमुळे किंचित चिकटून ओढ देतो, ते बोटाला कळतं. कोरडा सुटून आला तर तो वाटीत नव्हता, टॅपेटच्या काठावर उभा होता. पेडेस्टल आवळण्याआधी सगळे स्क्रू पूर्ण सैल करायचे असतात आणि पेडेस्टल हेडवर सपाट टेकतंय का बघायचं असतं. पुशरॉड उचलून धरत असेल तर क्रँक थोडा फिरवून मगच बोल्ट लावायचा. इथं घाई झाली की पुशरॉड काठावर दाबला जातो आणि वाकतो. बाहेर काढलाच आहे तर काचेवर गडगडवून बघा आणि शेजारच्या पुशरॉडाशी उंची लावून बघा.

पाचला मला सीटचा संशय आहे. सीट खोल कापली की व्हॉल्व्ह हेडमधे वर सरकतो, दांडी तेवढी उंच येते, रॉकरचं पलीकडचं टोक खाली दाबलं जातं, आणि तुम्हाला वाटतं पुशरॉड लांब आहे. हेड न काढता तपासायचं तर रॉकर काढून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवा. एक्झॉस्टची तुलना एक्झॉस्टशीच करा. पाच डोकं वर काढून उभा दिसला तर हेड खाली घ्या, उलटं ठेवून डेप्थ व्हर्निअरने मोजा. हेडच्या तोंडापासून व्हॉल्व्ह ०.९९ ते १.५२ मिमी आत हवा. त्याहून वर असेल तर पिस्टनला लागायची भीती, जास्त खोल असेल तर त्या सिलिंडरची ताकद गेली.

जाता जाता, पुढचं टायमिंग कव्हर अजून लावलं नसेल तर गिअर हाउसिंगमधली डॉवेल पिन बघा. या इंजिनात ती हादऱ्यांनी सरकत बाहेर येते आणि गिअरात पडते. एक पत्ती मारून अडवून टाका, दहा मिनिटांचं काम आहे.

ऊसवाला_कराड:

काका, जसं सांगितलंत तसंच केलं. तीनचा पुशरॉड अलगद हातात आला, ओढ अजिबात नाही. खालच्या टोकाला एका बाजूने चमकदार ओरखडा पडलाय. काचेवर गडगडवला तर मधे उडी मारतोय. नवा टाकून वाटीत बसवला, स्क्रू निम्म्यावरच गॅप मिळाला आणि दाबही लागला.

पाचची दांडी पट्टी ठेवताच कळली. हेड उतरवलं. पाचचा एक्झॉस्ट २.६ मिमी आत, दोनचा १.८, बाकीचे मापात. इनटेक सगळे मापात. लेथवाल्याला फोन केला तर म्हणतो, सीटला खड्डे होते, स्वच्छ होईपर्यंत कापत गेलो. कापताना व्हर्निअर लावला होता का विचारलं तर गप्प.

आता तो म्हणतो दुसरं हेड घ्या. खरंच घ्यावं लागेल का?

रिटायर्ड_फिटर:

तडा नाही ना, मग हेड टाकून देऊ नका. बिडातच सीट कापलेली असली तरी तिथं खाच घेऊन सीट रिंग ठोकता येते. दोन आणि पाचला रिंगा बसवून घ्या. इनटेकची सीट ३० अंशाची आणि एक्झॉस्टची ४५ ची, दोन्हीला एकच कटर लावणारे महाभाग आहेत, म्हणून कागदावर लिहून द्या. खोलीचं मापही लिहा आणि मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. रिंगा बसल्यावर हेडला प्रेशर टेस्ट करून घ्या, ठोकताना कधी कधी पाण्याच्या बाजूला बारीक तडा जातो.

पॅकिंग नवं घ्या, एकदा दाबलेलं परत चालत नाही. बोल्ट परत वापरता येतात, पण लांबी मोजून. ताणलेला असेल तर बदला.

ऊसवाला_कराड:

उद्या सकाळी हेड घेऊन सांगलीला दुसऱ्या लेथवाल्याकडं निघतो. व्हॉल्व्ह सोबत नेऊ का नुसतं हेडच?

रिटायर्ड_फिटर:

बाराही न्या, नंबर टाकून. घासलेला व्हॉल्व्ह त्याच्याच सीटला गेला पाहिजे. मार्करने लिहू नका, डिझेलने पुसून जातं. पुठ्ठ्याला बारा भोकं पाडा आणि ओळीने खोचून न्या.