शिकताना दिलेला आधार काढायचा कधी?

शिकताना काड्या, चित्रं असा आधार दिला की मुलं परावलंबी होतात, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. होतात ती आधार वेळेवर न काढल्यामुळे. ५२ वजा २७ घ्या. आधी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्या. दोन सुट्या काड्यांतून सात जात नाहीत हे दिसलं, की मूल आपणहून एका गठ्ठ्याचं रबर सोडतं. आता चार गठ्ठे, बारा सुट्या. हे सहज जमू लागलं की काड्या बाजूला, वहीत गठ्ठ्यांची चित्रं. मग चित्रंही नकोत, फक्त एकक-दशकाचे रकाने. शेवटी नुसती उभी मांडणी. कुणी अडलं तर उत्तर सांगू नका, एक पायरी मागे न्या. "सुट्या पुरतात का?" एवढं विचारलं तरी बहुतेकांची गाडी पुढे सरकते.

वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली गरजेपुरता आधार देण्याची ही कल्पना मांडली, ती ३ ते ५ वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मदत करताना. तिथे एका मुलामागे एक शिक्षक होता. आपल्या भरलेल्या वर्गात सगळ्यांचा आधार एकाच दिवशी काढता येत नाही, खरी अडचण ही आहे. म्हणून मी काड्यांचा डबा मागच्या बाकावर उघडाच ठेवते, ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावा.