मदत हवी आहे: चष्म्याच्या चकाकीमुळे नजरेचा माग चुकतोय

नमस्कार मंडळी,

ऑप्टिक्स किंवा इमेज प्रोसेसिंगमध्ये काम केलेल्या जाणकारांची मदत हवी आहे. डोक्यावर बसवायच्या, दोन भिंगांतून पडदा दाखवणाऱ्या हेडसेटमध्ये नजरेचा माग घेण्याची सोय करतेय. उघड्या डोळ्यांना ती छान चालते. चष्मा घातला की कर्सर शेजारच्या अक्षरावर उडी मारतो. ज्या काकूंसाठी हे करतेय त्यांचे हात चालत नाहीत, बोलणंही थांबलंय, आणि चष्म्याशिवाय त्यांना पडद्यावरचं अक्षर लागत नाही. त्यामुळे ‘चष्मा काढून बघा’ हा सल्ला कृपया देऊ नका.

रचना अशी आहे: भिंगाच्या कडेने 850 नॅनोमीटरचे चार इन्फ्रारेड एलईडी, खालून तिरपा बघणारा ग्लोबल शटरचा (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) छोटा कॅमेरा आणि त्याच्यापुढे बँडपास फिल्टर, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारी काच. पद्धत नेहमीचीच. बाहुलीचा मध्य काढायचा, कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) उमटलेले एलईडीचे ठिपके पकडायचे आणि बाहुलीचा मध्य व ठिपके यांच्यातल्या अंतरावरून नजरेची दिशा ठरवायची. ठिपके सोडून देता येत नाहीत, कारण हेडसेट नाकावरून जरा घसरला तरी हिशोब सांभाळला जातो तो त्यांच्यामुळेच.

आता खरी अडचण. चित्र 640 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात साधारण 40 मिलिमीटरचा भाग मावतो, म्हणजे एक पिक्सेल 0.06 मिलिमीटरचा. बाहुली कॉर्नियाच्या वक्रतेच्या केंद्रापासून सुमारे 4 मिलिमीटर पुढे असते. त्यामुळे नजर एक अंश वळली तर ठिपक्याच्या मानाने बाहुली जेमतेम 0.07 मिलिमीटर सरकते. थोडक्यात, एक पिक्सेल चुकला की जवळजवळ एक अंश गेला! चष्म्याच्या चकाकीची कड खऱ्या ठिपक्याला चिकटली की त्याचा मध्य तेवढा सहज ओढला जातो. त्यात ही चकाकी खऱ्या ठिपक्यापेक्षा तेज असते. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे 4 टक्के प्रकाश परत फेकतो, कॉर्निया अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि तोही छोट्या बहिर्वक्र आरशासारखा पसरवून. त्यामुळे ‘सगळ्यात तेजस्वी ठिपका घ्या’ हा नियम इथे उलटा पडतो.

एक्स्पोजर कमी करून पाहिलं, तर बाहुलीची कडच अंधारात जाते. मग एलईडीवर एक पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पट्टी) आणि कॅमेऱ्यावर त्याला काटकोनात दुसरा लावला. चित्र इतकं स्वच्छ आलं की बुबुळातले तंतू मोजता यावेत, पण ठिपका एकही नाही. कॉर्नियावरचं परावर्तनही आरशासारखंच असल्यामुळे ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, तसंच राहतं आणि नको त्या चकाकीबरोबर हवे ते ठिपकेही कापले जातात.

चष्म्याची चकाकी जाईल आणि ठिपके राहतील असा काही मार्ग आहे का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर जरूर सांगा.

प्रतिसाद १

बँडपास फिल्टर राहू द्या, पण तो फक्त बाहेरचा उजेड अडवतो. चकाकी तुमच्याच एलईडीची आहे, तरंगलांबी तीच, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही. चष्म्यावर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असेल तर त्याच्याही भरवशावर राहू नका. ते दृश्य प्रकाशासाठी केलेलं असतं आणि 850 ला साध्या काचेपेक्षा जास्तही परावर्तन देऊ शकतं.

मी जागेच्या गणितावर भर देईन. कॉर्नियाची त्रिज्या सुमारे 7.8 मिलिमीटर, तर चष्म्याची काच त्या मानाने जवळजवळ सपाट. एलईडी 20 मिलिमीटर बाजूला सरकवला तर कॉर्नियावरचा ठिपका दीड-दोन मिलिमीटर हलेल, पण काचेवरची चकाकी 10 मिलिमीटरच्या आसपास सरकेल. म्हणून चारही एलईडी एकदम पेटवू नका. प्रत्येक फ्रेमला वेगळी जोडी लावा आणि जिची चकाकी बुबुळाबाहेर पडते त्याच जोडीचे ठिपके त्या क्षणी वापरा. एलईडी थोडे जास्त लावून निवडीला वाव ठेवलात तर उत्तम.

याच गुणामुळे खरंखोटंही ओळखता येतं. चार खऱ्या ठिपक्यांचा चौकोन लहान आणि आटोपशीर असतो, काचेवरचा ऐसपैस. तेज बघूच नका, आकार आणि आपसातली अंतरं बघा.

एक काळजी मात्र घ्या. एलईडी वाढवताना डोळ्यावर पडणारा एकूण प्रकाश मोजा. इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. आयईसी 62471 या प्रकाश-सुरक्षेच्या मानकाप्रमाणे बराच वेळ वापरासाठी मर्यादा 10 मिलीवॅट प्रति चौरस सेंटीमीटर आहे. काकू तासन्‌तास वापरणार, आणि त्रास झाला तर त्यांना पटकन सांगताही येणार नाही. मर्यादेच्या खूप खाली राहा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण आधी यंत्राचं आतलं अंग तपासा. काळं अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियम आपल्याला काळंकुट्ट दिसतं, इन्फ्रारेड कॅमेऱ्याला मात्र ते बऱ्याचदा फिकट करडं दिसतं, कारण रंगद्रव्य त्या पट्ट्यात प्रकाश शोषतच नाही. काही काळ्या प्लास्टिकचंही तेच. तुमच्याच कॅमेऱ्याने रिकाम्या हेडसेटचा फोटो घ्या. डोळा नसताना जे चमकतं ते डोळ्याचं नाही. तिथे मखमली काळा कागद चिकटवा.

भिंगावरची चकाकी दर फ्रेमला त्याच पिक्सेलवर राहते. चष्म्यावरची हेडसेट घसरला तरच हलते. नजरेबरोबर हलतो तो खरा ठिपका. रिकाम्या चित्राची वजाबाकी भिंगाच्या चकाकीला चालेल, फक्त ते पिक्सेल 255 ला, म्हणजे पूर्ण पांढऱ्याला, टेकलेले नकोत, नाहीतर वजा करायला खाली काही उरतच नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. रिकाम्या हेडसेटचा फोटो घेतला. भिंग धरणारी कडी खरोखरच पांढुरकी दिसतेय आणि खालच्या एलईडीचा उजेड तिच्यावरून सरळ चष्म्याच्या आतल्या बाजूला जातोय. तिच्यावर काळा कागद लावल्यावर खालच्या पापणीजवळचा एक खोटा ठिपका गेला. तो डोळ्यातल्या पाण्याचा असेल अशी माझी समजूत होती.

आता जोड्या आलटून पालटून पेटवायच्या आहेत. त्यात एक शंका: दोन लागोपाठच्या फ्रेममध्ये डोळा झटकन वळला तर वेगवेगळ्या जोड्यांचे ठिपके एकत्र जुळवायचे कसे? प्रत्येक फ्रेमचा हिशोब स्वतंत्र ठेवावा, की बाहुलीच्या वेगावरून आधीचे ठिपके पुढे सरकवून घ्यावेत? कॅमेरा सेकंदाला 120 फ्रेम देतो.