ऐन लग्नसराईत संकलनाच्या संगणकाची प्रणाली बदलावी का?

नारायणपेठकर (धागाकर्ता)

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज 10 या प्रणालीचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर संपला. तुळशीची लग्ने लागली की पुण्यातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि आम्हां व्हिडिओ संकलकांकडे फुटेजचे ढीग साचू लागतात. नेमक्या त्याच सुमारास पडद्यावर विंडोज 11 घेण्याची सूचना झळकत होती आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ती निमूटपणे मान्यही केली. माझे मत असे आहे की हातात अर्धवट काम असताना संकलनाच्या संगणकाची प्रणाली बदलू नये. ती कधी बदलायची हे कंपनीच्या घोषणेने नव्हे, तर आपल्या कामाच्या वेळापत्रकाने ठरवावे.

प्रणालीपाठोपाठ माणसे उत्साहाने संकलनाचे सॉफ्टवेअरही नवे घेतात, आणि खरी गोम तिथेच आहे. डाविंची रिझॉल्व्हची नवी मोठी आवृत्ती जुना डेटाबेस उघडताना तो अद्ययावत करण्याची परवानगी मागते. ती एकदा दिली की तो डेटाबेस जुन्या आवृत्तीत उघडत नाही. प्रीमियर प्रोमध्येही नव्या आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प जुनी आवृत्ती नाकारते. मधला मार्ग म्हणून एक्सएमएल, म्हणजे टाइमलाइनचा आराखडा दुसरीकडे नेण्याची फाइल, काढता येते, परंतु त्यातून मुख्यतः काटछाट परत येते. हळदीच्या पिवळ्या उजेडात नवरीच्या चेहऱ्याचा रंग जागेवर आणण्यासाठी केलेली सगळी रंगदुरुस्ती मागेच राहते.

विंडोज 11 वरून मागे फिरण्याची सोय आहे, पण तिची मुदत मुळात दहा दिवसांची असते. संपूर्ण लग्नाचे संकलन, घरच्यांच्या दुरुस्त्या आणि अंतिम प्रत एवढ्यात होते असे कोणी म्हणत असेल, तर त्याच्या गिऱ्हाइकांचा पत्ता मला हवा आहे. शिवाय परत फिरताना, प्रणाली बदलल्यानंतर बसवलेली सॉफ्टवेअर निघून जातात.

विस्तारित सुरक्षा अद्यतनांची नोंदणी केली, तर विंडोज 10 ला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेपुरती अद्यतने मिळतात. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे आणि 25 जुलैच्या आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो. प्रणाली बदलायची ती या मोकळ्या काळात. आपले मत काय?

पौडफाटा

आपल्या म्हणण्यातला सावधपणा पटतो, निष्कर्ष पटत नाही. संकलनाचा संगणक हा आपल्या घरातला सर्वांत उघडा संगणक असतो, हे आपण विसरता आहात. छायाचित्रकाराचे मेमरी कार्ड, नवऱ्या मुलाच्या मामांनी आणून दिलेला पेन ड्राइव्ह, कुठून तरी उतरवून घेतलेली 'मोफत' ट्रान्झिशन, हे सर्व त्याच यंत्रात जाते. वर्गणीचे सॉफ्टवेअर असेल तर परवाना तपासण्यासाठी इंटरनेटही अधूनमधून जोडावेच लागते. एखाद्या खंडणीखोर व्हायरसने फुटेजच कुलूपबंद केले, तर रंगदुरुस्ती टिकली की गेली हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. सप्तपदी दुसऱ्यांदा चित्रित करता येत नाही.

आपण सुचवलेली विस्तारित अद्यतने आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करावी लागते. ती न करता 'सराई संपली की बघू' म्हणणारे मला जास्त दिसतात, आणि आपल्या लेखाचा त्यांना आयताच आधार मिळेल अशी धास्ती वाटते.

रेंडरबाबा

मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण माझे कारण वेगळे आहे. प्रणाली बदलली की टाइमलाइन अडखळायची थांबेल, या समजुतीने लोक हा उद्योग करतात. अडखळण्याचे कारण बहुतेक वेळा फुटेजचा प्रकार असतो. हल्लीचे कॅमेरे 10 बिट 4:2:2 एच.265 या दाबून बसवलेल्या, पण रंगाचा जास्त तपशील ठेवणाऱ्या प्रकारात चित्रण करतात आणि ते उलगडण्याची सोय प्रत्येक चिपमध्ये नसते. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये ती 11 व्या पिढीपासून आली, तर एनव्हिडियाच्या कार्डांत आरटीएक्स 50 मालिकेपासून. सातव्या-आठव्या पिढीच्या यंत्रावर कोणतीही विंडोज चढवली तरी हे फुटेज धापाच टाकणार. त्यापेक्षा रात्री प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संकलनाला सोप्या प्रकारांत प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कामचलाऊ प्रती, करायला लावून झोपावे.

दुसरे असे की सातव्या पिढीचा आय7-7700 हा प्रोसेसर विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीतच नाही. तपकीर गल्लीत जाऊन आठव्या पिढीचा प्रोसेसर तेवढा आणू, असा विचार कोणी करत असेल तर थांबावे. खाचा सारख्याच दिसत असल्या, तरी जुन्या मदरबोर्डवर तो चालत नाही. बोर्डही बदलावा लागतो. एवढा खर्च सराई संपून उरलेले पैसे हातात आल्यावरच करावा.

सफरचंदी

मॅकवाल्यांनी हा धडा आधीच गिरवलेला आहे, आणि तो थांबण्याच्या बाजूचा नाही. फायनल कट प्रो 7 हे ॲपलचे जुने संकलन सॉफ्टवेअर धरून बसलेल्यांची वाट मॅकच्या प्रणालीच्या 2017 च्या हाय सिएरा आवृत्तीने बंद केली आणि 2019 च्या कॅटालिनाने 32 बिट सॉफ्टवेअर सरसकट बाद केली. जे वेळच्या वेळी पायरी पायरीने वर आले त्यांनी जुने प्रकल्प सोबत आणले. जे थांबले त्यांना चार पायऱ्या एकदम चढाव्या लागल्या, आणि त्यात कोणते प्लगइन कुठे गळाले याचा पत्ताही लागला नाही. 2024 मध्ये आलेल्या फायनल कट प्रो 11 लाही किमान सोनोमा 14.6 ही प्रणाली लागत होती, आणि इंटेलच्या मॅकसाठी टाहो ही प्रणालीची शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जून 2025 मध्येच सांगून टाकले आहे. 'काम संपल्यावर' हा मुहूर्त चालू धंद्यात कधीच येत नाही.

ढोलताशा

पंचांगावरून हिशोब मांडणाऱ्यांना एक विचारावेसे वाटते. चातुर्मास मोकळा असतो तो लग्नवाल्यांना. आमच्याकडे मंडळांची आणि ढोल पथकांची कामे असतात. सराव सुरू झाल्यापासून विसर्जन मिरवणुकीपर्यंत रोजची छोटी चित्रफीत त्याच रात्री द्यावी लागते. आम्ही प्रणाली बदलायची कधी, पितृपक्षात?

लिनक्सप्रेमी

रॉकी लिनक्स या मोफत प्रणालीवर रिझॉल्व्ह चालते. मायक्रोसॉफ्टच्या तारखांची कटकटच नको.

रेंडरबाबा

चालते, परंतु मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.264 आणि एच.265 उघडत नाही. लग्नाचे निम्म्याहून अधिक फुटेज त्यातच असते. विकतची स्टुडिओ आवृत्ती घेणार असाल तर पुढे बोलू.

नारायणपेठकर (धागाकर्ता)

पौडफाटा यांचा नोंदणीबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नोंदणी न करता विंडोज 10 वर राहणे याला माझा पाठिंबा नाही, आणि व्हायरसवरचा खरा उपाय प्रणाली कोणतीही असली तरी एकच, तो म्हणजे फुटेजची एक प्रत अशा डिस्कवर ठेवणे, जी काम संपताच संगणकापासून काढून ठेवली जाते.

सफरचंदी यांच्याशी मात्र मतभेद कायम आहे. हाय सिएराने कोणाच्या यंत्रातले काम आपण होऊन मोडले नाही. जुनी आवृत्ती जुन्या यंत्रावर चालतच राहिली. म्हणून जुने यंत्र भंगारात न देता, इंटरनेट तोडून, जुन्या गिऱ्हाइकांच्या प्रकल्पांसाठी ठेवावे असे मी म्हणतो. डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला लावायच्या खुंटीवर) चालणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली शीर्षके हे त्याचे जवळचे उदाहरण. डोंगलचा ड्रायव्हर नव्या प्रणालीवर बसला नाही, तर 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो आणि प्रत्येक पाटी युनिकोडमध्ये नव्याने टंकित करावी लागते. तेही करताना प्रीमियरच्या ग्राफिक्सच्या पसंतीत दक्षिण आशियाई मजकुराचा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरे सुटी होतात.

सफरचंदी

दोन यंत्रे ठेवायला जागा आणि पैसा कोणाकडे आहे? नव्याने धंद्यात आलेल्या मुलाकडे एकच लॅपटॉप असतो. त्याने काय करावे, हे आपण अजून सांगितलेले नाही.

नारायणपेठकर (धागाकर्ता)

त्याने वेगळी एसएसडी घ्यावी, नवी प्रणाली तिच्यावर बसवावी आणि जुनी डिस्क तशीच काढून ठेवावी. सुरू करताना विंडोज 11 ने डिस्क कूटबद्ध केली आहे का ते तपासून तिची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यास डिस्क उघडून देणारा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवावी. पण हेसुद्धा चालू लग्नाची अंतिम प्रत हातावेगळी झाल्यानंतरच.

पौडफाटा

एसएसडीचा उपाय चांगला आहे. 'नंतरच' याला माझा विरोध नोंदवून ठेवावा.