हक्कभंग नेमका कशाचा? विधिमंडळाचे विशेषाधिकार कोठे लिहिले आहेत?

प्रश्न (भूम, जि. धाराशिव)

मी तालुक्याच्या साप्ताहिकासाठी बातम्या लिहितो. उन्हाळ्यात टँकरच्या नोंदवहीतील फेऱ्या आणि गावात प्रत्यक्ष आलेल्या फेऱ्या यांतील तफावत मी छापली, तेव्हा एका आमदारांकडून ‘हक्कभंग आणू’, म्हणजे विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग केल्याबद्दल सभागृहात कारवाई मागू, असा निरोप आला. विधिमंडळाचे अधिकार कायद्याने ठरतील, असे संविधानाच्या कलम १९४ मध्ये वाचले. पण तो कायदा कोठेच सापडत नाही. मग हक्क कोणता आणि भंग कशाचा?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, वकील)

कायदा सापडत नाही, कारण तो झालेलाच नाही. सभागृहातील भाषणस्वातंत्र्य, आणि तेथील भाषणाबद्दल वा मताबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण, एवढे या कलमाच्या पहिल्या दोन खंडांत स्पष्ट आहे. उरलेल्या अधिकारांबाबत तिसरा खंड म्हणत होता की, विधिमंडळ कायदा करीपर्यंत, संविधान लागू होताना ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे जे अधिकार होते तेच येथे राहतील. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कॉमन्सचे नाव वगळले; आशय बदलला नाही.

सदस्यावरील टीका हक्कभंग ठरायची, तर ती त्याच्या सभागृहातील कामाशी निगडित असावी लागते. टँकरच्या फेऱ्या हा प्रशासनाचा विषय आहे. बदनामी झाली असे वाटत असेल, तर त्यांना न्यायालय मोकळे आहे.

उत्तर (नांदेड, राज्यशास्त्राची प्राध्यापिका)

कायदा का होत नाही, हे पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ दैनिकाच्या खटल्यातून उमगते. बिहार विधानसभेच्या अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेला भाग त्या दैनिकाने छापला होता. असे अलिखित विशेषाधिकार वृत्तपत्राच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यापेक्षा वरचढ आहेत, मात्र विधिमंडळाने ते कायद्यात लिहिले तर तो कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे लिहून काढण्यात सभागृहाचाच तोटा! माझ्या मते तरीही लिहावेच, कारण शिक्षा देणाऱ्या सत्तेची मर्यादा नागरिकाला आधी कळली पाहिजे. १९६४ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने केशव सिंह यांना कारावास दिला, उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, तर सभागृहाने त्या न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन हजर करण्याचा आदेश काढला. अखेर राष्ट्रपतींना सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागावा लागला.

उत्तर (परभणी)

मॅडमशी मी पूर्ण सहमत नाही. विशेषाधिकारांचा लेखी कायदा झाला की सभागृहाचा प्रत्येक ठराव न्यायालयात जाईल आणि सभागृहाचा वचक उरणार नाही. तथापि, जुलै २०२१ मध्ये आपल्या विधानसभेने १२ सदस्यांना वर्षभरासाठी निलंबित केले आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडील निलंबन घटनाबाह्य ठरवले, हे मला मान्य करावे लागते. त्या १२ मतदारसंघांचा आवाज वर्षभर बंद ठेवणे योग्य नव्हतेच.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. माझ्या बातमीत विधानसभेतील एका तारांकित (सभागृहात तोंडी उत्तरासाठी विचारलेल्या) प्रश्नाच्या उत्तराचाही उल्लेख होता. तेवढ्याने बातमी हक्कभंगात येते का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर, वकील)

कामकाजाचे सारतः खरे वृत्त द्वेषबुद्धीने छापले नसेल, तर संविधानाचे कलम ३६१-अ न्यायालयीन खटल्यापासून संरक्षण देते. पण ते उत्तर छापील कार्यवाहीवरून शब्दन् शब्द पडताळा आणि त्यातला एखादा भाग वगळला गेला होता का, हेही पाहा.