मदत हवी आहे: संघटनेचा माणूस कसा तयार करावा?
एमआयडीसीतली आमची लघुउद्योजक संघटना. १४० सभासद, बहुतेकांकडे १०-२० कामगार. कार्यालयात पगारी माणूस एकच. सभासदांना कामगार कायद्यांवर सल्ला देण्याइतका तोच तयार करायचाय.

श्रम संहितांवर, म्हणजे केंद्राच्या चार नव्या कामगार कायद्यांवर, दोन व्याख्यानं ठेवून पाहिली. पहिल्याला ३८ आले, दुसऱ्याला ९. वडे तेवढे उरले. वक्ते कलमं वाचत राहिले. लोकांना हवं होतं एवढंच, की भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर हिशेब कसा बदलतो, तेही पगारपत्रक समोर ठेवून. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) इटलीतल्या तुरीन केंद्राचे मालक-संघटनांसाठीचे अभ्यासक्रम पाहिले, पण आमच्या माणसाला मराठीतूनच हवंय. सुट्टी गुरुवारची, म्हणून रविवारचे वर्ग नकोत.

कुणाच्या संघटनेनं असा माणूस तयार केलाय का? शिकवलं कुणी, आणि खर्च वर्गणीतून काढला की सल्ल्याला फी लावून?