१९४३ च्या साताऱ्यातला गुप्तहेरपट: जमादाराच्या मनातला ग्रह कसा उतरवायचा?

कृष्णाकाठ

मंडळी, सांगलीत ३० मिनिटांचा एक गुप्तहेरपट करतोय. संहितेचा चौथा खर्डा झालाय आणि एका जागी गाडी अडली आहे.

काळ १९४३ चा हिवाळा, प्रतिसरकारचा, म्हणजे साताऱ्यात भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारचा. साताऱ्याहून पोलीस खात्याचा एक जमादार हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, बनून कुंडलच्या बाजूला भूमिगतांचा माग काढायला येतो. तासगावकडच्या एका पारध्याला तो वाटाड्या म्हणून सोबत घेतो. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे या माणसाची चावडीवर हजेरी लागते. ही जातच चोराची, अशी जमादाराची खात्री. शेवटी तो जाणूनबुजून चुकीचा अहवाल धाडतो आणि भूमिगत निसटतात.

वाचनाला बसलेल्या सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की जमादार बदलतो ते पटत नाही. २२व्या मिनिटाला तो विहिरीत पडतो, पारधी त्याला वर काढतो आणि तो "माझं चुकलं" म्हणतो. हा बदल कसा बसवावा? शिवाय काळाच्या आणि चित्रीकरणाच्या बाबतीत कुठे घसरू शकतो, तेही सांगा. चार दिवस, आठ माणसं, एक कॅमेरा, एवढंच हाताशी आहे.

टिपकागद

विहीर काढून टाका. त्या प्रसंगातून जमादार उपकाराखाली येतो, त्याचं मत तिथल्या तिथेच राहतं. शिवाय पारध्याला माणूस ठरण्यासाठी साहेबाचा जीव वाचवून दाखवावा लागतो, हा मूळ ग्रहाइतकाच अन्याय आहे.

सुरुवातीला त्याचा ग्रह बरोबर ठरू द्या, आणि प्रेक्षकालाही तो पटू द्या. पाचव्या मिनिटाला वाटाड्या रात्री गायब होतो. जमादार मनाशी म्हणतो, गेला हात मारायला. सकाळी गावात कोंबड्या गेल्याची ओरड उठते आणि वाटाड्या धुळीने भरलेल्या पायांनी परत आलेला असतो. बाराव्या मिनिटाला खुलासा करा. तो तीन-चार कोस चालत आपल्या गावी हजेरी द्यायला गेला होता आणि रातोरात परत आला. हजेरी चुकली तर शिक्षा. जमादार वेषांतरात असल्यामुळे पाटलाला सांगून सूट देववू शकत नाही. या जमादाराने स्वतः कित्येक वर्षं चावडीवर लोकांच्या हजेऱ्या घेतल्या आहेत, पण हजेरीला येणारा माणूस किती चालून येतो हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. खुलासाही संवादात नको. वाटाड्या ओढ्यावर पाय धुतो आणि टाचेच्या भेगेतून माती काढतो, तेवढं पाच-सहा सेकंद दाखवा.

मग अहवाल. तीनच ठेवा, ४थ्या, १४व्या आणि २७व्या मिनिटाला. पहिल्यात "सदर इसम जातीने पारधी, चोरीची सवय, नजर ठेवली आहे." दुसऱ्यात जात नाही, फक्त नाव. तिसऱ्यात गावाचं नाव चुकीचं आणि वाटाड्याचा उल्लेखच नाही. प्रेक्षकाने पहिला अहवाल वाचलेला असतो, त्यामुळे तिसऱ्यात काय गाळलंय ते त्याला आपोआप कळतं. तिसऱ्या वेळी टाक दौतीत बुडवून कागदापर्यंत आणा, थांबवा, शाई सुकू द्या, पुन्हा बुडवा. टाकाने एका बुडीत चार-सहा शब्दच होतात, म्हणून ही घालमेल खरी वाटते. बॉलपेन तेव्हा आपल्याकडे बाजारात आलेलंच नव्हतं, आणि इथे ते शोभलंही नसतं.

'द लाइव्ज ऑफ अदर्स' हा २००६ चा जर्मन चित्रपट पाहा. काळ १९८४, पूर्व बर्लिन. त्यात एक लहान मुलगा लिफ्टमध्ये गुप्त पोलिसातल्या अधिकाऱ्याला निरागसपणे सांगतो, की तुम्ही लोक वाईट आहात असं बाबा म्हणतात. अधिकारी सवयीने विचारायला जातो, तुझ्या... नाव काय? 'बाबांचं' हा शब्द तोंडातून निघायच्या आत तो थबकतो आणि मुलाच्या हातातल्या चेंडूचं नाव विचारतो. एक शब्द गिळला, आणि बदल तिथे दिसला. तुमच्या जमादाराला असा एक गिळलेला शब्द द्या.

खिल्लारवाला

हेडीचं सोंग छान निवडलंय, पण त्याचा वापर केलेला दिसत नाही. या धंद्यातच गुप्तहेरपट भरलेला आहे.

बैलाच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतातच. वय बघायचं ते खालच्या आठ दातांवरून. दुधाचे दात जोडीजोडीने पडून पक्के येतात. दोनदाती, चारदाती, सहादाती आणि आठही आले की जुळलेला. जुळायला साडेचार-पाच वर्षं लागतात. जमादाराने वरचा ओठ उचलून दात मोजायला घेतले, की बाजारातलं पोरसुद्धा ओळखेल की हा हेडी नव्हे. तिथे वाटाड्याने पुढे होऊन मुकाट खालचा ओठ ओढून दाखवावा. सोंग उघडं पडता पडता वाचतं, आणि वाटाड्याला जमादाराबद्दल कधीपासून सगळं ठाऊक आहे हेही कळतं. जीव वाचवण्याची गरज उरत नाही.

दुसरं म्हणजे रुमालाखालचा सौदा. दोघं उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं धरून दर ठरवतात. तोंडाने एक अवाक्षर नाही, भोवतीच्या माणसांना आकडा कळत नाही. एक बोट म्हणजे दहा की शंभर, हे जनावर बघून दोघांना माहीत असतं. तुमचा जमादार वाटाड्याच्या हातचं पाणी घेत नाही, पैसे देताना वरून टाकतो, हे सुरुवातीला दोनदा दाखवून ठेवा. "माझं चुकलं" च्या जागी शेवटी त्याने भर बाजारात उपरणं पसरून वाटाड्याचा हात धरावा. छाप्याला किती शिपाई येणार तो आकडा बोटांनी सांगावा. भोवती माणसं उभी, सगळ्यांना वाटतं बैलाचा सौदा चाललाय.

बाजाराचा प्रसंग उघड्या माळावर दोन खिल्लार जोड्या आणि पंधरा माणसांत भागतो. बैल भाड्याने घेताना धनी सोबत हवा. अनोळखी माणसाने तोंडाला हात घातला की खिल्लार बिथरतो, म्हणून नटाला आदल्या दिवशी दोन तास त्याच बैलाजवळ बसवा.

जुनी_हद्द

काही चुका आधीच टाळा.

संवादात "सांगली जिल्हा" कुठेही नको. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, त्याचं नाव सांगली पडलं १९६० ला. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात होतं.

तुमच्या कथेला याहून उपयोगी गोष्ट म्हणजे कुंडल औंध संस्थानात होतं, भोवती इंग्रजांचा मुलूख. औंधच्या राजांनी १९३९ मध्येच प्रजेला राज्यकारभार दिला होता. इंग्रजी पोलिसाचा हुकूम त्या हद्दीत परस्पर चालत नव्हता, म्हणून भूमिगतांना तिथे आसरा मिळे. थोडक्यात, तुमच्या जमादाराचा अधिकार शेताच्या एका बांधावर संपतो. वाटाड्याची गोष्ट याहून बिकट, कारण गुन्हेगार जमाती कायद्याखाली नेमून दिलेली हद्द परवानगीशिवाय ओलांडणं हाच गुन्हा. जमादार त्याला पैशाचं आमिष दाखवून बांध ओलांडायला लावतो, तेव्हा तो स्वतःच गुन्हा घडवतो आणि त्याला ते पक्कं माहीत असतं. हा बांध चित्रपटात तीनदा यावा. मूळ कायदा १८७१ चा, तो देशभरातून रद्द झाला १९५२ मध्ये, स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी.

पारधी पात्राला मोडकी मराठी देऊ नका. पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आहे. घरच्या माणसांशी तो तीच बोलेल आणि जमादाराशी सरळ मराठी. पारधी समाजातल्या माणसाकडूनच ते संवाद लिहून घ्या, मानधन द्या, श्रेयनामावलीत नाव घाला.

पैशांचा क्लोजअप असेल तर मध्ये भोक असलेला पैसा घ्या. तो १९४३ पासूनच निघाला, जुन्या नाण्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

पडद्यामागे

जागा बघताना आधी जमिनीकडे बघा. गाजर गवत ऊर्फ काँग्रेस १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, आणि आज बांधाबांधावर आहे. चौकटीत आलं तर उपटा, हातमोजे घालून, कारण अंगाला खाज सुटते. द्राक्षाचे मांडव, ठिबकच्या नळ्या, विजेचे खांबही टाळा. तासगावजवळ ते अवघड आहे, खानापूर-आटपाडीच्या माळाला सोपं जाईल. डिसेंबर-जानेवारीत शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पुरुषभर वाढलेला असतो. लपाछपीला याहून चांगला पडदा नाही आणि त्यामागे खांबही झाकतात.

रात्रीचे प्रसंग खऱ्या काळोखात घेऊ नका, आठ जणांत झेपणार नाही. सूर्य मावळल्यावरच्या २०-२५ मिनिटांत लांबचे शॉट उरकायचे. आतले शॉट कंदिलावर. खरी ज्योत ठेवा आणि कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला काचेमागे मंद पिवळा छोटा दिवा लपवा. नुसत्या ज्योतीवर चेहरा काळा पडतो, नुसत्या दिव्यावर काच मेलेली दिसते. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद ठेवलं तर आपल्याकडच्या विजेवर सहसा लुकलुक येत नाही. तरी स्वस्त एलईडी लुकलुकतातच, ते आधी तपासून घ्या.

आवाजाकडे जास्त लक्ष द्या. प्रत्येक जागी एक मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करा. हल्ली रात्री दूरवर ट्रॅक्टर आणि मोटारपंप चालू असतात, कानाला जाणवत नाहीत पण माइक पकडतो आणि जोडकामात शॉट एकमेकांना लागत नाहीत. जमादार शाळूत लपून ऐकतोय त्या प्रसंगात बोलणं अर्धंच ऐकू येऊ द्या, पाल्याची सळसळ आणि लांबून मोटेच्या चाकाची करकर. जमादार उरलेलं अर्धं वाक्य आपल्या मनातल्या ग्रहाने भरतो, प्रेक्षकही भरतो. पुढे तेच वाक्य पूर्ण ऐकवा. दोन्ही वेळचं बोलणं एकाच टेकमधलं वापरा, दोनदा बोलवून घेतलं तर लय बदलते आणि फसवल्यासारखं वाटतं.

कृष्णाकाठ

विहीर गेली. दात, उपरणं, हजेरीची चाल, तिन्ही घेतो. एक शंका आहे. उपरण्याखाली काय आकडा सांगितला हे प्रेक्षकाला कळायला हवं ना? बोटं तर झाकलेली.

टिपकागद

पहिल्या बाजाराच्या प्रसंगात एकदाच कॅमेरा उपरण्याखाली न्या आणि बोटांची भाषा दाखवून टाका, नंतर कधीही नाही. शेवटच्या वेळी कॅमेरा वाटाड्याच्या तोंडावर. सौदा संपला की तो घरच्या माणसाला सांगतो, "बारा बैल येणार, पहाटे." तेवढं पुरे.